मुलाचा आवाज

महाडला माझा कॉम्प्युटर क्लास होता, तेव्हा उमरठहून एक मावशी सीडी घेऊन आल्या. त्यांचा मुलगा मुंबईत अपघातात गेला होता. त्याने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर घरचं शूटिंग ठेवलं होतं, ते मित्राने सीडीवर घालून दिलं होतं. तो कॉम्प्युटर वेगळ्या जातीचा, त्यामुळे आमच्याकडे फाइल उघडेना. दुपारभर खटपट करून मी ती आमच्या कॉम्प्युटरवर चालेल अशी बदलून घेतली. चित्र आलं, आवाज आला नाही.

पडद्यावर मुलगा अंगणात उभा राहून काहीतरी सांगत होता. मावशींनी डोक्यावरचा पदर मागे सारून स्पीकरला कान लावला.

"मावशी, यात आवाज नाही आला," मी म्हटलं.

"तोंड हाय गो माझ्याकडं, भिंतीवर फोटो हाय. आवाज तेवढा इसरत चाललाय."

मी त्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, आवाजाची फाइल वेगळी होती, ती सीडीवर घ्यायची राहून गेली होती. आता ऑफिसने त्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून तो दुसऱ्याला दिला होता.

मी हे सांगितल्यावर मावशी "परत लाव" एवढंच म्हणाल्या. मुलाचे ओठ हलतील तसे त्या आपले ओठ हलवून बघत राहिल्या. तो काय बोलला, ते त्यांनाही ओळखता आलं नाही.