चंदाचं स्थळ

दुपारची जेवणं आटोपली आहेत. सोनबोडीच्या सारस केंद्राच्या ओसरीत डॉ. निरंजना बिसेन खाटेवर जरा आडवी झाली आहे. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं तिनं राखणदार झनकलालला बजावून ठेवलं आहे. धान पोटरीला आलंय, बांध्यांवरून ओलसर, दुधाळ वासाचा वारा येतो आहे. जाळीपलीकडे दोन सारस नाचताहेत. चंदा चोचीनं गवताची काडी वर उडवते, भुरा पंख पसरून उडी घेतो. निरंजनाची पापणी जड होते. काडी वर जाते आणि खाली यायची विसरते.

जाग आहे तोवर एकच विचार आहे, आणि झोपेच्या उंबऱ्यावरही तोच. पुरात बुडालेल्या घरट्यांतून वाचवलेल्या अंड्यांतून ही दोघं निघाली, इथंच वाढली, एकमेकांवाचून त्यांचं पान हलत नाही. पण निरंजनानं प्रयोगशाळेत दोघांच्या पिसांच्या मुळातला डीएनए तपासला, तेव्हा कळलं की ही एकाच आईबापाची लेकरं आहेत. यांची जोडी जमली तर अंडी वांझ निघतील, नाहीतर पिल्लं अशक्त. या भागात बोटांवर मोजण्याइतके सारस उरलेले असताना असं एक घरटंही वाया घालवणं परवडणारं नाही. दूरच्या तलावावरून आणलेला एक नर पलीकडच्या कुंपणात थांबला आहे. त्याच्या शेजारी, त्याच तलावावरची एक मादी. संध्याकाळी वनखात्याचे लोक येतील, तेव्हा काय करायचं ते निरंजनानं सांगायचं आहे. तिला ठाऊक आहे काय सांगायचं ते. तोंडातून शब्द निघत नाहीत, एवढंच.

खाटेच्या पायथ्याशी कोणी तरी बसतं. खाट कुरकुरते.

"का व निरू, पाहुणे याची वेळ झाली अन् तू निजून राहिली?"

अंतकलाबाई. निरंजनाची थोरली बहीण, होळीच्या सुमारास गेलेली. अंगावर हिरवं लुगडं आहे, केस पुन्हा काळे झालेत. निरंजनाला नवल वाटत नाही. बाईनं मांडी घातली आहे आणि गुडघ्याला हात लावून हाय केलं नाही, एवढंच काय ते नवल.

"कोण पाहुणे, बाई?"

"पोरीले पाहाले येऊन राहिले न," बाई म्हणते आणि जाळीकडे हनुवटी उडवते.

जिवंत होती तेव्हा चार गावांत एकही सोयरीक बाईला विचारल्याशिवाय होत नसे. आताही ती चंदाला तशीच न्याहाळते. मान पाहते, चाल पाहते, पाय तर फारच पसंत पडतात. मग विचारते, कूळ कोणतं?

निरंजना सांगते की इथं कूळ विचारत नाहीत, रक्तातच पाहतात. कोण कोणाचं किती जवळचं, ते पिसाच्या मुळाशी लिहिलेलं असतं. बाई हनुवटीला बोट लावून ऐकते आणि मंगळ कळतो का म्हणून विचारते. निरंजना इतकी हसते की खाटेवरून खाली पाय टाकते.

पाय पाण्यात पडतो. ओसरी नाही, माहेरचा तलाव आहे. कमळाची पानं पायांखाली ताटांसारखी डुलतात आणि दोघी बहिणी त्यांवरून चालू लागतात. काठावर झाडं असायला हवीत तिथं प्रयोगशाळेतले पांढरे फ्रीज ओळीनं उभे आहेत. बाई त्यातला एक उघडून आंब्याचं लोणचं शोधते. नळ्यांमध्ये ठेवलेली पिसं पाहून दार लावते. दार लागतं आणि समोर मांडव आहे. पटल्यांच्या अंगणातला, जांभळाच्या डहाळ्यांचा.

हा मांडव निरंजनाच्या लग्नाचा. त्याच्याआधी, कॉलेजात असताना, तिनं होमेश्वर पटले नावाचा मुलगा पसंत केला होता. तिचंही माहेरचं आडनाव पटले. आडनाव एक म्हणजे कूळ एक, आणि एका कुळात सोयरीक होत नाही. बाई स्वतः होमेश्वरच्या घरी जाऊन ते सगळं मोडून आली होती.

निरंजना थांबते. इतकी वर्षं जे बोलली नाही ते इथं सहज ओठांवर येतं.

"बाई, होमेश्वरचं आणि माझं रक्त तपासलं असतं ना, तर काहीच निघालं नसतं. पटले गावोगाव आहेत. आडनाव एक म्हणून रक्त एक होत नाही. तुझा नियम तिथं चुकला."

बाई मांडवाच्या खांबाला टेकते. आता कडाडणार, असं निरंजनाला वाटतं.

"चुकला असन," बाई म्हणते. "पन बिसेनाचा पोट्टा का वाईट निघाला?"

निरंजनाला नवरा आठवतो. रविवारी स्वयंपाकघराचा ताबा घेऊन, बेसूर गात, सगळी भांडी खरकटी करून ठेवणारा. तिला हसू आवरत नाही.

"त्याच्यासारखा तोच."

"मंग?" बाई म्हणते, आणि तो विषय जणू लुगड्याच्या घडीत घालून टाकते.

मांडवात चंदा आणि भुरा फिरताहेत. निरंजना त्यांच्याकडे बघत राहते.

"यांचं मात्र खरंच एक रक्त आहे, बाई. तोडायलाच हवं. पण सारस जन्मभर एकाच जोडीदाराचा असतो."

"लगन झालं का तेह्यचं?"

"नाही. अजून वय नाही. लहानपणापासून सोबत आहेत."

"मंग तुले तोडलं तवा मी का केलं होतं, आठव."

निरंजना आठवते. बाई आपलं सासर, गाई-म्हशी सगळं टाकून वळकटी घेऊन माहेरी आली होती. तिच्या शेजारी अंथरूण घालून निजायची. मंडईला नेलं, नाटकाला नेलं, धान निंदायला नेलं. होमेश्वरचं नाव तिनं काढलं नाही, पण पाहायला आलेल्या एकेका नवरदेवाची अशी नक्कल करायची की रडता रडता निरंजनाला उचकी लागायची. दुसरं स्थळ येऊन जमेपर्यंत ती हलली नव्हती.

"तोडून निंगून जाते तो परका," बाई म्हणते. "आपला असन तो तिथंच बसते."

निरंजनाच्या मनात कुंपणं आपोआप सरकू लागतात. चंदाच्या एका बाजूला भुरा, मध्ये फक्त जाळी, दिसेल आणि ऐकू येईल असा. दुसऱ्या बाजूला दूरच्या तलावावरचा नर. भुऱ्याच्या पलीकडे ती मादी. कोणीच एकटं नाही. जाळ्या हळूहळू बदलायच्या, घाई करायची नाही. आणि ती स्वतः शहरात परतणार नाही, इथंच राहील, नव्या जोड्या जमून एका सुरात ओरडेपर्यंत.

ती हे बाईला सांगते. बाई अर्धं ऐकते, कारण सारसांनी नाच धरला आहे आणि तिच्यानं बसवत नाही. ती लुगडं खोचून त्यांच्यात शिरते, हात पसरते, उडी मारते. चौघं आहेत आता, की आठ, मांडवभर पंखच पंख. निरंजनाही नाचते. डहाळ्यांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि कोणते पाय कोणाचे ते कळत नाही.

दमून बाई कमरेची डबी काढते. गुडाखूचं बोट दातांवर फिरवते. तंबाखू-गुळाची ही काळी मिसरी ती मरेपर्यंत सोडायला तयार नव्हती, आणि मेल्यावरही सोडलेली दिसत नाही. मग तशाच बोटांनी निरंजनाचा गाल धरते आणि चांगला कचकचून चिमटा घेते.

"मोठी झाली व माही निरू."

तुतारीसारखा आवाज तलावभर घुमतो.

निरंजना खाटेवर उठून बसते. बाहेर चंदा ओरडते आहे. ऊन अजून ओसरीच्या पायरीवरच आहे. झनकलाल चहा घेऊन येतो. ती कप घेते आणि सांगते की चंदा आणि भुऱ्याला मधल्या दोन कुंपणांत वेगळं ठेवायचं, कुंपणांच्या बांबूच्या ताट्या काढून नुसती जाळी ठेवायची, पाहुण्या नराला चंदाच्या शेजारी आणायचं, मादीला भुऱ्याच्या. आणि आतल्या खोलीत तिच्यासाठी अंथरूण टाकायचं, ती राहणार आहे. आवाज कुठं अडत नाही. झनकलाल मान हलवतो, हातोडी शोधायला वळतो आणि थबकतो.

"मॅडम, गालाले का लागलं तुमच्या?"

ती हात लावते. बोट काळं, चिकट होतं. झनकलाल खिशातला आरसा काढून धरतो, त्यात दोन ठसे दिसतात. वर अंगठ्याचा, खाली बोटाचा. ती बोट नाकाशी नेते. गुळाचा आणि तंबाखूचा वास डोक्यात जातो, आणि लहानपणी बाईच्या डबीनं यायच्या तशा तिला लागोपाठ शिंका येऊ लागतात.