चौथ्या दिवशीची सुई

रक्त घेणाऱ्या बाईला त्या प्रयोगशाळेत सगळे ‘थांबाताई’ म्हणत. चौदा वर्षं ती उतावीळ बायकांना एकच सांगत आली होती: “गर्भ आत रुजल्याशिवाय रक्तात काही दिसत नाही. दहा दिवस थांबा.”

आता डॉक्टरांनी तिच्याच पोटात बाहेर वाढवलेला गर्भ सोडून चार दिवस झाले होते. आधीचे दोन टिकले नव्हते. गोठवून साठवलेल्या गर्भांपैकी हा शेवटचा. आणि थांबाताईला काही केल्या थांबवेना.

सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत तिने दंडाचा पट्टा दातांनी आवळला, स्वतःलाच सुई टोचली आणि नळी घरोघरून गोळा होऊन आलेल्या नळ्यांत लावून टाकली. नळीवर नाव नाही, नुसतं टिंब.

“ही बिननावाची कोणाची गं?” रक्त तपासणाऱ्या यंत्रावर बसणाऱ्या काकांनी विचारलं. “गर्भाच्या संप्रेरकाचा आकडा एकच्याही खाली आहे.”

“माझी.”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “कितवा दिवस?”

“चौथा.”

“दुसरी कोणी असती तर दारातूनच परत पाठवली असतीस.”

“दुसरीचं वेगळं, काका.”

दुपारी गर्भाला आधार देणाऱ्या गोळीची वेळ झाली. तिने गोळी हातात घेतली, पाहिली आणि परत खिशात टाकली. आता कशाला?

तेवढ्यात एक तरुण बाई आली. तिच्याही पोटात गर्भ सोडून पाचच दिवस झालेले. “घरी गर्भचाचणीच्या पट्टीवर एकच रेघ आली, म्हणून कालपासून गोळ्या सोडल्या. तरी म्हटलं, रक्त तपासून घ्यावं.”

“सोडल्या? कोणाला विचारून?” थांबाताई कडाडली. “पाचव्या दिवशी पट्टीला काय डोंबल कळणार? आधी डॉक्टरांना फोन लाव. इथूनच लाव!”

यंत्रामागून काका नुसते खाकरले.

थांबाताई पाठमोरी झाली. खिशातली गोळी तिने पाण्याबरोबर गिळली. तासभर उशीर झाला होता.

दहाव्या दिवशी तिने काकांपुढे हात धरला. नळीवर या वेळी नाव होतं.





आकडा आला, अडतीस. काकांनी दोनदा वाचला. “रुजलाय. पण आकडा लहानच आहे. परवापर्यंत दुप्पट व्हायला हवा.”

“माहीत आहे.” तिने बाही खाली ओढली. “काका, उद्या मी कितीही मागितली तरी मला सुई देऊ नका.”