रानपिंगळ्याचा पत्ता

"तुले कोनी सांगं?" हा शेठचा पहिला प्रश्न. चहा आलाय म्हटलं तरी हाच. डोळे बारीक करून आधी तुमच्याकडे बघायचे, मग तुमच्या पाठीमागे.

नंदुरबारच्या बाजारात माझ्या फोटो स्टुडिओला लागूनच त्यांचं भांड्यांचं दुकान. घराणं राजस्थानातलं, पण शेठची अहिराणी अस्सल. बाजार बंद असला की मोटारसायकल काढून डोंगरात मोलगीकडे जायचे, संध्याकाळी धुळीने माखून परत. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचा रोल माझ्या हातात. "कोनले दखाडू नको, भाऊ." मी तो धुवायला घेतला की हे डार्करूमच्या पडद्याबाहेर पहाऱ्याला उभे.

बाजारात तर्क चालायचे. कोणी म्हणे डोंगरात जमीन घेतोय, कोणी म्हणे दुसरं घर केलंय. एका दुपारी त्यांच्या पत्नीच स्टुडिओत आल्या. "भाऊ, खरं सांगा, मोलगीले यास्ले कोन भेटस?"

मी फोटोंचा गठ्ठाच पुढे ठेवला. सगळे पक्ष्यांचे: खंड्या, सुतार, नीलपंख. त्यांनी एकेक फोटो उलटूनही पाहिला. उठताना म्हणाल्या, "आन् फोटो काढताना यास्नासंगे कोन ऱ्हास?"

पुढे दुकान मुलाने सांभाळलं. शेठनी डिजिटल कॅमेरा आणि लांब लेन्स घेतली आणि रानपिंगळ्याच्या मागे लागले. हे छोटं घुबड जगातून संपलं असंच बराच काळ समजलं जात होतं. ते आमच्या सातपुड्यात पुन्हा दिसलं. जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे फिरत असतात, म्हणून शेठ त्याच्या झाडातल्या ढोलीचं ठिकाण मलाही सांगत नसत.

एका मासिकाने त्यांचा फोटो छापला. खाली नाव आणि 'निसर्ग छायाचित्रकार'. शेठनी त्या शब्दांवरून बोट फिरवलं. "हाई कोनी लिखं?" मी म्हटलं, "संपादकांनी." त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं.

त्या फोटोच्या मागोमाग दोन माणसं दुकानात आली. गोड बोलणारी. ढोली कुठे आहे, रात्री बॅटरी घेऊन जाऊ म्हणाली. शेठनी चहा पाजला आणि त्यांना उलट्या दिशेला, विसरवाडीच्या रस्त्याला लावून दिलं. ती वळताच माझ्याकडे आले, चेहरा उतरलेला. "रानपिंगळा दिवसा फिरस, भाऊ. ह्यास्ले तेबी माहीत नई. ह्या फोटो काढनारा नईत." आणि तसेच डोंगराकडे गेले.

तिथे ज्या म्हातारीच्या शेतात ते झाड होतं, तिच्याकडेही शेठ इतकी वर्षं संशयानेच बघायचे. ती पकडेल, विकेल, कोणाला सांगेल. त्या दिवशी मात्र त्यांनी तिच्यापुढे हात जोडले आणि ढोलीचं सगळं सांगितलं.

म्हातारी मोडक्या मराठीत म्हणाली, "माहीत आहे. तू पहिल्यांदा आला तेव्हापासून आमचं माणूस तुझ्यावर लक्ष ठेवून आहे. आम्हाला वाटलं, घुबडं न्यायला तूच येतो."

हे मला सांगताना शेठ पोट धरून हसले. "मी तिन्हावर नजर ठेऊ, आन् ती मन्हावर!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले. ती दोन माणसं तिकडे कधीच पोचली नाहीत.

मागच्या हिवाळ्यात शेठ गेले. त्यांच्या मुलाला ते झाड बघायचं होतं, म्हणून आम्ही दोघे विचारत विचारत गेलो. बांधावर म्हातारी आडवी आली. "कोण तुम्ही?" मुलाने मोबाईलवर वडिलांचा फोटो दाखवला. तिने तो हातात घेतला, उन्हापासून आडोसा करून पाहिला. मुलाने सांगितलं, ते आता नाहीत. ती खाली बसली. काही वेळाने उठून आम्हाला पळसाखालच्या एका सपाट दगडाशी घेऊन गेली. "तो इथे बसायचा, इथूनच फोटो काढायचा. पुढे जायचं नाही."

आम्ही बसलो. तिथून ते झाड फार लांब दिसत होतं.