डाव्या स्पीकरची खरखर

आमच्या हॉलला आजार आहे, असं निदान आमच्या यजमानांनी केलं. ते शाळेत विज्ञान शिकवतात, त्यामुळं निदान करून थांबत नाहीत.

सोफ्यावर त्यांचं डोकं जिथं येतं, बरोबर त्या उंचीवर त्यांनी माइक उभा केला आणि लॅपटॉपला जोडला. मग दोन्ही स्पीकरमधून पाळीपाळीनं ‘भूं’पासून ‘चीं’पर्यंत चढत जाणारा आवाज सोडला. पडद्यावर रेघ उमटली. रेघ सपाट आली तर खोली ठणठणीत. आमची रेघ बालाघाटाच्या डोंगरासारखी!

उपचार सुरू झाले. स्पीकर कोपऱ्यातून पुढं आले. भिंतीवर माझ्या चार गोधड्या टांगल्या गेल्या. उरलेले उंचवटे त्यांनी लॅपटॉपवरच कापून काढले. रेघ सुधारली, पण ‘भूं’ला डावा स्पीकर खर्र करायचा तो करायचाच.

“घरातलं काहीतरी थरथरतंय,” म्हणून त्यांनी भांड्यांची मांडणी उतरवली, घड्याळ काढलं, देवघरातली घंटासुद्धा गुंडाळली. सासूबाई आवाज संपेपर्यंत पानाचा डबा मांडीवर दाबून बसायच्या. मी हसत होते. (मी सरकारी दवाखान्यात औषधं देते. कुठली गोळी कुठल्या खणात, हे डोळे मिटून सांगते. वस्तू हरवणारी, शोधणारी माणसं मला जरा करमणुकीचीच वाटतात.)

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “रविवारी लग्नाला माझे झुबे घालायचेत. काढून ठेव गं.”

माझं हसू थांबलं. त्यांच्या आईनं त्यांना दिलेले ते कानातले सोन्याचे झुबे. दिवाळीआधी आम्ही घराला कुलूप लावून जळकोटला नणंदेकडं गेलो, तेव्हा त्यांनी ते माझ्या हाती सोपवले होते आणि मी ते एकदम सुरक्षित जागी ठेवले होते. जागा इतकी सुरक्षित, की मलाही आठवेना!

“पॉलिशला दिलेत, आत्याबाई,” मी ठोकून दिलं.

मग आम्ही दोघंही घर उचकू लागलो. ते खरखर शोधायला, मी झुबे. डाळीचे डबे, ज्वारीची कोठी, साड्यांच्या घड्या, माळा. बायकोला अखेर आपल्या छंदात रस वाटू लागला, म्हणून ते हरखून गेले होते. मला रात्री झोप नव्हती.

शुक्रवारी त्यांनी हात टेकले. दोष स्पीकरच्या जन्मापासूनचा आहे, पुण्याला परत पाठवायचा. डावा स्पीकर खोक्यात गेला, टेप लागली, पार्सलवाला आला. दोघांनी खोकं उचलून तिरकं केलं आणि आतून आवाज आला, खळ्ळ.

“आरं, ह्याच्या पोटात कायतरी हाय,” सासूबाई म्हणाल्या.

आणि मला सगळं दिसलं. दारात हॉर्न वाजवणारी जीप, माझ्या हातात कुलूप आणि स्पीकरच्या पाठीला हवेसाठी ठेवलेलं गोल भोक. इथं कुठला चोर हात घालणार, हा माझाच हुशार विचार!

“थांबा,” मी म्हणाले आणि भाजीच्या सुरीनं टेप कापली. भोकात मनगटापर्यंत हात घातला. गोळ्यांची पत्र्याची डबी निघाली. तिच्यावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती : ‘झुबे. नीट लक्षात ठेवणे.’

मी तिथंच फरशीवर बसले. चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

सासूबाईंनी डबी उघडली, दोन्ही झुबे उजेडात फिरवून पाहिले. “पॉलिश लई झ्याक केलंय,” एवढंच म्हणाल्या.

पार्सलवाला चहा पिऊन मोकळ्या हातानं गेला. यजमान तोवर डावा स्पीकर पुन्हा जोडून माइकपाशी पोचले होते. भूं ते चीं, कुठंही खर्र नाही.

जुन्या रेघेची फाईल त्यांनी अजून जपली आहे. तिला नाव दिलं होतं, ‘डाव्या स्पीकरचा दोष’. मी ते खोडून माझं नाव घातलं. केसपेपरवर पेशंटचं नाव बरोबर असावं, एवढी शिस्त मला आहे.