आमचे पडदे कुठे आहेत?

राग सगळ्यांना येतो आणि उतरतो. आमच्या मॅडमचा उतरत नसे. लहानपणी शिंदखेड्याच्या शाळेतले एक मास्तर त्यांना म्हणाले होते, "मुलींना कशाला हवं रसायनशास्त्र?" पीएच.डी. झाल्यावर मॅडम त्या मास्तरांकडे पेढे घेऊन गेल्या आणि मास्तरांनी पेढा गिळेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. ही गोष्ट त्या फार आनंदाने सांगायच्या. एरवी स्वच्छ, कचेरीतली मराठी बोलणाऱ्या मॅडम अशा वेळी अहिराणीवर यायच्या. "मना ध्यानमा बठ्ठं शे," म्हणजे सगळं लक्षात आहे माझ्या, असं म्हणायच्या आणि कपाळावर बोट टेकवायच्या.

मी बी.एस्सी. करून त्यांच्या हाताखाली कंत्राटावर लागले. खारं पाणी गोडं करण्याच्या सरकारी संशोधनाचं एक छोटं केंद्र तेव्हा पूर्णेकाठी, मुक्ताईनगरकडच्या एका गावात उघडलं होतं. खारपाण पट्टा तो. विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, पाणी खारटच. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, घरोघर मुतखड्याच्या औषधांच्या पिशव्या आणि पोटावरून फिरणारे हात. मॅडम केंद्राच्या प्रमुख होत्या. त्यांच्याही वर मुख्य प्रयोगशाळेतले एक बडे साहेब.

जेवायच्या सुट्टीत मॅडम आम्हाला या संशोधनाचा इतिहास सांगायच्या. एका हातात कळण्याची भाकरी, दुसरा हात हवेत. "सरकारनं आधी ऊन राबवलं. काचेच्या छपराखाली खारं पाणी ठेवायचं, त्याची वाफ काचेला लागून ठिबकायची. दिवसभर तापून मिळायचं किती? पाहुण्याला पुरेल एवढं. मग विजेची पद्धत आली. तिला लागणारे पडदे परदेशातून यायचे, ते परवडेनात, म्हणून आपल्या लोकांनी इथंच बनवायला घेतले. माझ्या मैत्रिणी लग्नाचे शालू बघत होत्या तेव्हा मी काचेवर पडदे ओतत होते." त्या पडद्यांतले काही आमच्या यंत्रात होते. पातळ, पिवळसर, कागदाच्या तावासारखे. ते दोन जातींचे असतात. एकाआड एक रचून मधून खारं पाणी सोडायचं आणि कडांना वीज द्यायची. क्षार पडद्यांतून बाजूला ओढले जातात आणि मधलं पाणी पिण्याजोगं होतं.

यंत्राची देखभाल गावातल्या इंदूअक्काकडे होती. दोन्ही जातींचे पडदे दिसायला सारखेच, म्हणून अक्काने एका जातीच्या कोपऱ्याला सुनेची लाल नेलपॉलिश लावून ठेवली. "लाल ते सासू, बिनरंगाची सून," ती सांगायची. "जवय जवय बसवा, पन दोघीच्या मधून पानी जाऊ द्या. मंग पाहा कसं खारटपन निघतं!" मॅडम यावर पोट धरून हसायच्या. मुख्य कार्यालयातली माणसं आली की अक्काकडूनच हे सांगून घ्यायच्या. त्या गावात मॅडमचं कोणाशी जिवाभावाचं जमलं असेल तर ते अक्काशी.

यंत्र दोन उन्हाळे उत्तम चाललं. अक्काच्या घरातला चहासुद्धा बदलला. मग मॅडम आईच्या आजारपणासाठी धुळ्याला गेल्या असताना मुख्य कार्यालयाची गाडी आली. सोबतच्या माणसाने "साहेबांनी सफाईला मागितले" म्हणून पडदे उतरवले, खोक्यांत भरले आणि नेले. राजधानीत मोठं प्रदर्शन होतं, नवे पडदे वेळेत तयार होत नव्हते, आणि साहेबांना मंत्र्यांसमोर चालतं यंत्र दाखवायचं होतं. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की पडदे गेले आणि नळाला पुन्हा खारं पाणी आलं.

साहेबांनी अहवालात लिहिलं, की गावकऱ्यांच्या बेपर्वाईमुळे प्रयोग फसला आणि पडदे गहाळ होण्यात देखभाल करणाऱ्या महिलेचा हात असावा. केंद्र बंद झालं. मॅडमची तक्रार फिरून साहेबांच्याच टेबलावर गेली आणि मॅडमची बदली एका कपाटांच्या खोलीत झाली. गावात अक्काला सगळे चोर म्हणू लागले. ती सांगत राहिली, "गाडी आली व्हती हो, म्या डोयानं पाह्यलं." गोडं पाणी गेल्याचा राग लोकांना कोणावर तरी काढायचाच होता. तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. पुढे तिच्या पायांवर सूज आली, मूत्रपिंडं गेली, आणि ती चोर म्हणूनच वारली. मॅडम आणि मी मातीला गेलो होतो. परतताना भुसावळ स्टेशनवर मॅडम म्हणाल्या, "ह्या माणसाला मी सुखानं म्हातारा होऊ देणार नाही."

राजधानीतलं ते यंत्र पुढे एका विज्ञान केंद्रात कायमचं मांडलं गेलं. मॅडम तिकीट काढून आत गेल्या. काचेमागच्या पडद्यांच्या कोपऱ्यांवर लाल नेलपॉलिश होती. तिथून त्यांचं व्रत सुरू झालं. साहेबांचं भाषण जिथे असेल तिथे त्या रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने जायच्या, पहिल्या रांगेत बसायच्या आणि प्रश्नोत्तरांत उभ्या राहून विचारायच्या, "साहेब, आमचे पडदे कुठे आहेत?" बस, एवढंच. साहेब आधी हसून टाळायचे. मग पाणी प्यायचे. मग त्यांनी प्रश्नोत्तरं घेणंच सोडलं, तर मॅडम चहाच्या टेबलाशी, लिफ्टपाशी विचारू लागल्या. लोक त्यांना वेडी म्हणायचे. मी एकदा म्हटलं, "मॅडम, दमत नाही का?" त्या म्हणाल्या, "अगं, मला तर याचं टॉनिक मिळतं. गेल्या वेळी मला बघून तो दोन पानं वगळून खाली बसला!"

साहेब निवृत्त झाले आणि जळगावात त्यांचा जलसंशोधक म्हणून भव्य सत्कार ठरला. मॅडम आदल्या दिवशीच आल्या. पूर्णेकाठच्या त्या गावातून त्यांनी एक काळीपिवळी जीप भरून बायका आणल्या, त्यात अक्काची सून होती. शाल घातली गेली, नारळ दिला गेला आणि मॅडम उभ्या राहिल्या. तोच प्रश्न. संयोजक पुढे धावले. पण मंचावर प्रयोगशाळेच्या नव्या संचालक बसल्या होत्या. त्यांनी माइक ओढून साहेबांनाच विचारलं, "सर, कोणते पडदे?"

साहेब वैतागले होते. तोंडातून निघून गेलं, "अहो, प्रदर्शनासाठी तात्पुरते हलवले होते, त्यात एवढं काय?"

मग मागून अक्काची सून उठली. "म्हंजे तुम्हीच नेले व्हते? मंग मही सासू चोर कशी?"

साहेबांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि बाजूच्या दाराने निघून गेले. पुढे चौकशी झाली. अहवालातलं ते वाक्य रद्द झालं, विज्ञान केंद्रातल्या त्या यंत्राच्या काचेवरून साहेबांचं नाव उतरलं, त्यांना मिळणारं एका समितीचं अध्यक्षपदही गेलं. मॅडमनी गावात ग्रामसभा बोलवायला लावली आणि अक्का निर्दोष आहे हे सरपंचांच्या तोंडून दोनदा वदवून घेतलं. पहिल्यांदा ते पुटपुटले होते.

शेवटची काही वर्षं मॅडम धुळ्यात होत्या. एका दुपारी मी तिथे असताना साहेब आले. खूप थकले होते, काठी होती. मॅडमनी त्यांना बसवलं, चहा दिला. साहेब म्हणाले, "बाई, आता संपवू या. माझं चुकलं. मला माफ करा."

"माझ्याकडे कशाला आलात? ते घर पूर्णेकाठी आहे. तिथं जा."

"एवढा प्रवास झेपत नाही आता."

"मग राहू द्या," मॅडम म्हणाल्या आणि कपबशी उचलून आत गेल्या.

ते गेल्यावर मी जरा घुटमळत म्हटलं, "म्हातारा माणूस होता, मॅडम." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो विषय पुन्हा काढला नाही. "अक्कापण म्हातारी होणार होती," त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मॅडम झोपेतच गेल्या. मी आता सावद्याला असते; तिथे आमच्या केळीच्या बागेत बसले की अजून त्यांची आठवण येते. चांगल्या माणसांनी सोडून द्यायला शिकावं असं मला घरातून शिकवलं होतं. कोणत्या गोष्टी सोडायच्या नसतात ते मात्र मॅडमनी शिकवलं.

गेल्या महिन्यात पेपरात साहेबांच्या निधनाची बातमी आली. फोटो जुना, हसरा. माझा हात आपोआप मोबाइलकडे गेला, आणि मग आठवलं की मॅडमचा नंबर आता दुसऱ्याच कोणाचा असेल. काय करावं सुचेना. शेवटी अक्काच्या सुनेला फोन लावला. तिने नाव नीट ऐकून घेतलं.

"तिकडे पोचला असंन तं दोघी जनी वाट पाहत असतीन," ती म्हणाली. "बरं झालं. ठेवते मी, टँकर आलाय."