रोट परत सुरू झाले तेव्हा

मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढले. आमच्या रांगेत एक तमिळ घर, एक बंगाली, एक कानपूरकडचं, आणि मधोमध आम्ही. कुठला सण कुणाचा, हे आम्हा मुलांना नीट सांगता आलं नसतं. जिथे ताट वाढलेलं दिसेल तिथे आम्ही बसायचो. आई तमिळ मावशींकडून इडली शिकली आणि त्यांना तिने शेवभाजी शिकवली. देवाचा प्रसाद शेजारी वाटायचाच असतो, याबद्दल लग्नापर्यंत मला काडीचीही शंका नव्हती.

लग्न होऊन धुळ्याजवळच्या गावात आले आणि पहिल्याच श्रावणात माझी फजिती झाली. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसली. नारळाला डोळे, नाक, नथ, अंगावर साडी. तिच्या नैवेद्याचे गव्हाचे रोट झाले. मी सवयीने एक ताट भरलं, वर रुमाल टाकला आणि शेजारी निघाले. सासूबाई, ज्यांना सगळं घर अक्का म्हणायचं, उंबऱ्यातच आडव्या आल्या. रोट भाऊबंदांबाहेर जात नाहीत. जेवून हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणात खणलेल्या खड्ड्यातच टाकायचं. मला हा निव्वळ कंजूषपणा वाटला आणि मी तसं नवऱ्याला सांगितलंही. ते पोट धरून हसले. मग त्यांनी मला आणखी एक नियम सांगितला. या दिवशी भाऊबंदांत कुणी गेलं, तर सगळ्या घरांचे रोट बंद पडतात. पुढे कधी त्याच दिवशी भाऊबंदांत मूल जन्मलं किंवा घरची गाय व्याली, तरच परत सुरू होतात. "देवी हिशेबाला पक्की आहे," असं ते म्हणाले होते.

काही वर्षांनी त्याच रविवारी ते कानबाईसाठी फुलं आणायला मोपेडवर धुळ्याला गेले आणि आग्रा रोडवर ट्रकखाली आले. चुलीवर रोट भाजले जात होते. कुणीतरी येऊन चूल विझवली. रोटांचं काय करायचं हे कुणालाच सुचेना, तेव्हा दिरांनी ते त्याच खड्ड्यात पुरले. मी ते खिडकीतून पाहत होते. मला रडू आलं नाही. बायका म्हणत होत्या, हिला रडवा, नाहीतर डोक्यात जाईल. त्यांनी बरेच प्रयत्न केले. मी त्यांच्या मनासारखं व्हावं म्हणून थोडा आवाज काढला.

त्यानंतरची वर्षं मला सलग आठवत नाहीत. मी भाकरी केल्या, कापूस वेचला, म्हशीचं दूध काढलं. वाटायचं काहीच नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरायचो, तेव्हा ती आजोबा-पणजोबा सगळ्यांचीच असायची. पितृपक्षातल्या पानावरही सगळे जुने मानकरी हजर. माझ्या नवऱ्याचा एकट्याचा असा दिवस एकच होता, तो बंद पडलेला रविवार. गल्लीत घरोघर कानबाईची गाणी चालायची आणि आमच्या भाऊबंदांच्या घरांत चूलही उशिरा पेटायची. न बोलावता सगळे आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. चहा व्हायचा. कुणीतरी त्यांच्या मोपेडची, त्यांच्या हसण्याची गोष्ट काढायचं. मी आत बसून ऐकायचे. वर्षभरात तेवढंच मला ऐकू यायचं, असं म्हटलं तरी चालेल.

अक्कांना मात्र रोट बंद पडलेलं ते घर सोसवत नव्हतं. देवी उपाशी आहे, घराण्याला लागेल, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यात नव्वद सालानंतर कधीतरी माझ्या जावेला दिवस राहिले, आणि बाळंतपणाची तारीख नेमकी श्रावणात, कानबाईच्या आठवड्यात आली. मूल पायाळू होतं. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सीझर करावं लागेल, त्या आठवड्यात कुठलाही दिवस धरा, असं सांगितलं. भाऊबंदांत वयाने सगळ्यांत मोठे असलेले नाना हे ऐकून ताठ बसले.

"आक्का, देवीनीच दिन धाडेल शे," ते म्हणाले. "रविवारच धरा."

पूर्वी देवीची वाट पाहायची असायची. आता डॉक्टरीणबाईंची वेळ घ्यायची होती. यात कुणालाही काही वावगं दिसलं नाही. मला एकटीला जावेने विचारलं. ती पोटावर हात ठेवून माझ्या दाराशी उभी होती.

"ताई, तुमले चाली का?"

मी चालेल म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मुलगी झाली. आता नानांना वेगळाच पेच पडला. जुनी माणसं मुलगाच लागतो म्हणत, असं त्यांचं म्हणणं. अक्का दवाखान्याच्या बाकावरून उठल्यासुद्धा नाहीत.

"गाय येनी तं गोऱ्हा शे का वासरी शे, कोन इचारस? मंग आपली पोर का बरं चालस नही?"

पुढच्या वर्षी कानबाई बसली.

सुरतेला गेलेले भाऊबंद गाडी करून आले. त्यांनी तिकडून चमकीचे पडदे आणि कानबाईचा तयार मुखवटा आणला होता, म्हणून या वेळी नारळाला डोळे काढायची गरजच पडली नाही. गाण्यांना बायका कमी आणि टेपरेकॉर्डर जास्त. मी विधवा, म्हणून देवीला हात लावायचा नव्हता. तो नियम मात्र कुणाला बदलावासा वाटला नाही. मी रोट भाजत होते. सगळे हसत होते, पोरीला या हातातून त्या हातात देत होते. ओट्यावर कुणी बसलं नाही. तिथे चपला होत्या. दिवसभर मी वाट पाहिली की कुणीतरी एकदा त्यांचं नाव काढील. मी चुलीपाशी होते, कदाचित मला ऐकू आलं नसेल.

सोमवारी सकाळी कानबाईला नदीवर पोचवून सगळे परत आले. सुरतेची गाडी गेली. मी ओटा झाडायला बाहेर आले तर अक्का खांबाला टेकून बसल्या होत्या. सणाचं लुगडं अजून अंगावरच होतं. पोर त्यांच्या मांडीवर झोपली होती. मला वाटलं, दमल्या असतील.

"सण परत उना," त्या म्हणाल्या. मग जिथे दरवर्षी माझ्या नवऱ्याच्या गोष्टी निघायच्या, त्या ओट्यावरून त्यांनी हात फिरवला.

"आते त्याना दिन कोनता धराना व, माय?"

मी झाडू खाली ठेवला. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मला रडू आलं. इतकं, की पोर जागी होऊन माझ्याकडे बघायला लागली. अक्का मला गप्प हो म्हणाल्या नाहीत.