भिंतीवरच्या तारखा

इंगोलेभाऊ आमच्या दारात सायकल टेकवायचे ते "ताप?" असं विचारतच. जयभीम, चहा, पाणी, सगळं त्यानंतर. हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या भागात ते आरोग्य सेवक होते. दर पंधरा दिवसांनी घरोघरी फिरायचे आणि घरातलं प्रत्येक माणूस बघून झालं की दाराशेजारी भिंतीवर रंगानं छापलेल्या चौकटीत तारीख टाकून सही करायचे. तीच तारीख मग त्यांच्या वहीत जायची. एकदा माझे वडील शेतात होते. हा माणूस भर उन्हात मैलभर चालत गेला, त्यांच्या कपाळाला हात लावून परत आला आणि मगच तारीख टाकली. "डोळ्यानं पाह्यल्याबिगर आपली पेन्सिल चालत न्हाई," असं वर आम्हालाच ऐकवलं. गाव त्यांना हसायचं. मीही हसायचो.

मी आयटीआय करून वायरमन झालो आणि चौऱ्याण्णव साली मस्कतची नोकरी लागली. पासपोर्ट आला, व्हिसा आला, मायनं लाडूसुद्धा वळले, आणि सुरतेच्या प्लेगाची बातमी आली. बीडकडूनही तसंच ऐकू येऊ लागलं. विमानंच बंद झाली. पुढं ती सुरू झाली तेव्हा मुंबईच्या एजंटाचा निरोप आला. आपली हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. 'पासपोर्टवर परभणी आहे, शेजारी बीड. गेला दीड महिना तू गावातच होतास, ताप नव्हता, असा सरकारी डॉक्टरचा कागद आण. व्हिसाचे नऊ दिवस उरलेत.'

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "मी तुला पाहिलेलंच नाही, लिहू कसं? इंगोलेच्या तारखा उतरवून आण, सही देतो." धावत घरी आलो तर भिंत पांढरीशुभ्र. मायनं दसऱ्यासाठी त्याच सकाळी घर पांढऱ्या मातीनं पोतारलं होतं, चौकटीसकट. ती हातातल्या पोतेऱ्यासकट मटकन खाली बसली. "माह्याच हातानं पुसलं रे लेकरा!" वही इंगोलेभाऊंपाशी, आणि इंगोलेभाऊ साथीच्या कामासाठी बीडकडं गेलेले. चार दिवस जीपचा आवाज आला की रस्त्यावर पळायचो.

पाचव्या दिवशी ते आले, पण कुंपणाशीच थांबले.

"जवळ येऊ नको मिलिंदा. मी तिकडून आलोय."

तिथूनच त्यांनी वही वाचली. दोन तारखा होत्या, तिसरी जागा रिकामी.

"टाका ना भाऊ तेवढी," मी हात जोडले.

"मी बीडात होतो. कशी टाकू?"

"तुमचं काय जातंय? माहं आयुष्य चाललंय इथं!" मी ओरडलोच.

"अन् तुला खरंच ताप आला असता तर? विमानात बसणारी बी कोणाची तरी लेकरंच हायेत की."

मनातल्या मनात मी त्यांना नको नको त्या शिव्या दिल्या. त्यांनी थर्मामीटर स्पिरिटनं पुसून दगडावर ठेवला आणि मागं सरकले. मी तो तोंडात धरला, परत दगडावर ठेवला, मागं सरकलो. मग त्यांनी पुढं येऊन आकडा स्वतः पाहिला आणि त्या दिवसाची तारीख टाकली. रिकाम्या जागेत लिहिलं, 'पाहिले नाही.'

दवाखान्यात, मी उतरवून नेलेल्या कागदावर, डॉक्टरांचं बोट नेमकं त्याच ओळीवर थांबलं.

"इंगोलेनं ही सोडली ना," ते म्हणाले, "मग बाकीच्या खऱ्या." सही झाली, शिक्का बसला.

निघताना इंगोलेभाऊंच्या पाया पडायला गेलो तर ते चार पावलं मागं. "लांबूनच. आल्यावर पड."

मी अडीच वर्षांनी आलो. इंगोलेभाऊ दोनच महिन्यांपूर्वी हृदयविकारानं गेले होते. "दर खेपेला इचारायचे," माय सांगत होती, "पोराच्या पत्रात तापाचं काही लिवलंय का म्हणून." नव्या आरोग्य सेवकानं त्यांची वही दाखवली. माझं नाव त्यांनी खोडलं नव्हतं. दर पंधरवड्याला नावापुढं त्याच ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, 'परदेशी. पाहिले नाही.' अगदी शेवटच्या तारखेलाही तेच.

मी त्या वहीवरच डोकं टेकवलं.